लाईन लागेपर्यंत

निमोणे,
५ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षदा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडचे ठीक म्हणायचे, एवढेच. तुझ्या मामांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, हृदयाचे ऑपरेशन शुक्रवारी, सतरा तारखेला ठरले. मला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईल कायम मामांच्या खिशात. म्हणून हे पत्र गावातल्या माऊलीच्या पिकअपमधून, कांद्याच्या गोण्यांवर बसून केडगावला येत आहे.

तू लिहिलेस, की आमचा सत्यजीत दर रविवारी संध्याकाळी इंटरनेटवरच्या त्या जुन्या खेळात निमोणेकर नावाने दिसतो. तू कॉम्प्युटरवरून मामेबहीण म्हणून ओळख सांगितलीस, तर भामटी समजून निघून गेला. त्याच्याच खेळाच्या यंत्रातून, त्याचेच कार्ड घालून गेलीस तर त्याला पटेल, असे तुझे म्हणणे. तर यंत्र, तारा, कार्ड, सगळे पाठवले आहे.

मामांना सांगितलेले नाही. तू तेव्हा लहान होतीस. आमच्या आक्काबाई वन्सं खुटबावला वारल्या, तेव्हा निरोपाचा फोन संध्याकाळभर लागला नाही, कारण पोरगा त्याच लाईनवरून खेळत होता. मामा पोहोचले तोवर सख्ख्या बहिणीची राख झाली होती. घरी येऊन त्यांनी भिंतीतली वायर उपटली आणि म्हणाले, की ह्या घरात आता तू तरी ऱ्हाशील न्हाईतर मी. पोरगा सकाळी गेला, तो गेलाच. ऑपरेशनआधी बापलेकांचे एकदा बोलणे व्हावे, एवढेच मला हवे आहे. नंतरचे कोणी पाहिले?

आण्णाला म्हणावे, बहिणीला विसरू नकोस, आणि तंबाखू सोड.

तुझी आत्या,
कस्तुराबाई


केडगाव,
८ ऑक्टोबर

ती. आत्यास हर्षदाचा शि. सा. न. वि. वि.

यंत्र पोहोचलं आणि चालूही झालं. कार्डावर सत्यजीतदादाचा खेळातला गडी जसाच्या तसा उभा आहे, लाल चिलखत, नाव निमोणेकर. मला रडूच आलं.

आता घरात जुना फोन नाही, म्हणून मी एक बारकासा कॉम्प्युटर मध्ये बसवलाय. तो टेलिफोन एक्स्चेंजचं सोंग घेतो. यंत्र नंबर फिरवतं, हा उचलतो आणि पुढं इंटरनेटला जोडून देतो. पण लाईनच लागत नाही. पडद्यावर दरवेळी एकच येतं, टेलिफोनची वायर जोडा. वायर तर जोडलेली! बदलूनही पाहिली. तिचं टोक आत पूर्ण बसतच नाही. जोर करायला भीती वाटते. आतलं काही मोडलं तर रविवारपर्यंत दुसरं यंत्र कुठून आणू? आण्णा म्हणतात, की जुना बैल हाय त्यो, चुचकारून घे.

रागावू नका, पण त्यावर कधी पाणी, तेल असं काही सांडलं होतं का? हा रविवार हुकला तर पुढचा ऑपरेशननंतरचा आहे.

मामांना जपा, स्वतःलाही जपा.

तुमची भाची,
हर्षदा


निमोणे,
१० ऑक्टोबर

चि. हर्षदा हिस आशीर्वाद.

पाणी सांडायला मी काय वेंधळी आहे? पदराने पुसून ठेवत आले आहे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कोयता, विळा आणि मोटारीचे पाने मांडते, त्यांच्या शेजारी ते यंत्र मांडते. हळदीकुंकू, फूल आणि अक्षता, बास. ते माझ्या लेकराचे हत्यार. मागच्या बाजूला चौकोनी भोक आहे ना, तिथे त्याची वायर लागायची. म्हणून अक्षता तिथेच वाहते.

इकडे मात्र घात झाला. काल मामांनी कपाट उघडले आणि विचारले, की खोकं कुठं हाय. मला खोटे बोलवेना. म्हटले, पोराला बोलवायला पाठवलंय. जेवायला बसले आणि भरल्या ताटावरून तसेच उठले. डॉक्टरांनी मनाला त्रास होऊ देऊ नका म्हणून बजावले आहे. त्यांचे काही बरेवाईट झाले तर मी कोणाला तोंड दाखवू?

काहीही कर, पण रविवारी लाईन लाव.

तुझीच,
आत्या


केडगाव,
१२ ऑक्टोबर, रविवार

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि बॅटरी घेऊन त्या भोकात पाहिलं. आत पिवळे तांदूळ! हळदीनं घट्ट बसलेले. चिमट्यानं एकेक काढले, वायर टक् करून बसली. यंत्रानं नंबर फिरवला, किंचाळलं, खरखरलं आणि लाईन लागली.

दादा होता. स्वतःचाच जुना गडी समोर आलेला पाहून जागच्या जागी थांबला. मग विचारलं, की यंत्र कुठल्या भंगारवाल्याकडून घेतलंस. मी लिहिलं, भंगारवाल्याच्या यंत्रात खंडेनवमीच्या अक्षता निघत नाहीत. मग त्यानं विचारलं, आई अजून पूजा करती व्हय?

मी घाईनं ऑपरेशनचं लिहिलं, दवाखान्याचं नाव लिहिलं, मामांचा नंबर लिहिला आणि पाठवायला कळ दाबली, तोच लाईट गेली. आली तोवर तो नव्हता. नंबर पोहोचला की नाही, देव जाणे. आत्या, मला फार अपराधी वाटतंय.

काही कळलं तर लगेच कळवा.

हर्षदा


निमोणे,
१५ ऑक्टोबर

चि. हर्षदा हिस खूप खूप आशीर्वाद.

नंबर पोहोचला, पोरी.

काल दिवस कलताना मामांचा फोन वाजला. अनोळखी नंबर, म्हणून कपाळाला आठी. कानाला लावला. मला ऐकू येत नाही, पण ओठ कळतात. दोनदा सत्या म्हणाले. मग ओसरीवर पाठ करून बसले. रडतात की हसतात कळेना, म्हणून पुढे जाऊन पाहिले. दोन्ही चालले होते. मध्येच फोन छातीशी धरून मला ओरडून म्हणाले, की पोरगं गुरुवारी, भरती व्हायच्या दिवशी, परस्पर दवाखान्यातच येतंय, त्याला शेंगाची चटणी घे.

यंत्र जपून ठेव. पुढच्या खंडेनवमीला लागेल. अक्षता वरून वाहीन, भोकात नाही.

माऊली सांगत होता, की काल आण्णा संध्याकाळभर इकडे फोन लावत होता, लाईन सारखी बिझी, म्हणून काही विपरीत झाले अशी धास्ती घेतली. त्याला म्हणावे, घाबरू नकोस. या वेळी लाईन तुझ्या दाजींनी अडवली होती.

माया आहे ती वाढू दे.

तुझी आत्या,
कस्तुराबाई