खार उतरला

ता. महाड,
दि. २२ एप्रिल १९७९

ती. श्रीपतदादास,
मंजुळाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

टायग्रिस नदीवरचं तुझं पत्र मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं. तिच्या काठी माणसाने पहिली शहरं वसवली, हे पुस्तकात होतंच. पण माझा भाऊ त्याच नदीच्या पुलावर वेल्डिंग करतो म्हटल्यावर मुलं उठून उभीच राहिली! मग मी त्यांना आपली सावित्री सांगितली. समुद्रातून खाडीने गलबतं महाडपर्यंत येत, व्यापारी उतरत, आणि त्या वाटेवरच पालेची बौद्ध लेणी कोरली गेली. वर्गातल्या मुरारीने विचारलं, मग आपणही तेवढेच जुने का? मी हो म्हणून टाकलं.

आता वाईट बातमी. चैत्री पुनवेच्या उधाणाला खाडी अडवणारा खारबांध फुटला. आपल्या आणि शेजारच्या भागोजी पाटलांच्या शेतात खाडी शिरली. गावाने भगदाड बुजवलं, पण आत राहिलेलं पाणी सुकून माती मिठाने पांढरी पडली आहे. पावसात हा खार धुऊन काढायचा तर ओढ्याचं गोडं पाणी आपल्या शेतात येतं, आणि पाणी खाडीत सोडायची उघाडी पाटलांच्या शेतात आहे. मधला चर त्यांच्या वडिलांनी कधीच बुजवला. आपल्या शेताचं पाणी त्यांना चालत नव्हतं. आपल्या घराण्यातली ही पहिली जमीन. आबा म्हणतात, सोडून देऊ. दिवसभर बांधावर बसून असतात. काय करावं ते लिही.

तुझी,
मंजुळा


बगदाद,
दि. १६ मे १९७९

चि. मंजुळा बाईंना (मास्तरीण झाल्यावर अगं-तुगं कसं करू?) अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचून चैन पडेना. शुक्रवारी सुट्टी होती. आमच्या हैदराबादी ड्रायव्हरला घेऊन नदीकाठच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेलो. मंजू, इथेही शेतं पांढरी आहेत! मैलच्या मैल, मीठ शिंपडल्यासारखी. म्हाताऱ्याने सांगितलेलं ड्रायव्हरने मला हिंदीत समजावलं. फार पूर्वी लोकांनी कालवे काढून नदी शेतात आणली, धान्याच्या राशी लागल्या, मोठमोठी शहरं उठली. पण आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाट ठेवली नाही. मीठ वर आलं. आधी गहू गेला, मग सातूही होईना, शेवटी माणसं उठून गेली. नदी तिथेच वाहत राहिली. त्या ओसाड टेकाडांवर मी स्वतः उभा राहून आलो.

हे आबांना वाचून दाखव. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत भागोजी पाटलांशी बोला. तू बोल, नाहीतर आबांना बोलू दे, पण बोला.

आईला सांग, पोट भरून जेवतो.

तुझा दादा,
श्रीपत


ता. महाड,
दि. ५ ऑगस्ट १९७९

ती. दादास सप्रेम जयभीम.

कुठून सुरू करू तेच कळत नाही! तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. आधी म्हणाले, खार धुवायला मला परदेशातला म्हातारा नको, ते मला ठाऊक आहे. मग विचारलं, ती शहरं केवढी होती? महाडपेक्षा कितीतरी मोठी, असं मी सांगितलं. तसे उठले, सदरा घातला आणि थेट पाटलांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मी मागे.

आबा एवढंच म्हणाले, “भागोजी, गोडं पानी माझ्याकडं हाय, वाट तुझ्याकडं हाय. दोघांची बी शेतं मरतायत.”

पाटील उठून घरात गेले. आम्ही परतलो. रात्री आबा जेवले नाहीत.

सकाळी पाहतो तो पाटील आणि त्यांचा मुलगा सदू कुदळी घेऊन मधल्या बांधावर! बुजलेला चर त्यांनी आपल्या हाताने उकरायला घेतला. मग आबांसह आपलीही माणसं चरात उतरली. दुपारी आई आपल्या माणसांसाठी पाणी घेऊन गेली, सगळ्यांना दिलं आणि पाटलांच्या अलीकडूनच मागे वळली. तर ते म्हणाले, “काशीवयनी, मला नाय का पानी?” आई ओंजळीत ओतायला वाकली, तर त्यांनी तांब्याच हातात घेतला आणि तोंड लावून प्याले. दादा, ज्या गावात हे कधी घडलं नव्हतं, तिथे ते भर दुपारी, सगळ्यांसमोर घडलं. आई अजून ज्याला त्याला सांगत असते.

मग पाऊस असा लागला की ओढा दणाणून आत आला. दोन्ही शेतं भरायची, उघाडी उघडायची, पुन्हा भरायची. आबा रोज चरातलं पाणी जिभेला लावून थुंकायचे. परवा थुंकले नाहीत. ओंजळ भरून पाटलांपुढे धरली. त्यांनी चाखली आणि म्हणाले, “गोड हाय.”

आज खार सोसणाऱ्या लाल राता भाताची लावणी केली, आधी आपल्याकडे, मग त्यांच्याकडे. राहीबाई पाटलीण आणि मी एकाच ओळीत चिखलात होतो. या बाईंना धड रोप लावता येत नाही, असं त्या सगळ्या बायांना सांगत होत्या. कंबर मोडली आहे आणि हसू थांबत नाही.

आबांनी त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगितलंय: “नदी तितंच ऱ्हाईल. पोराला म्हनावं, कापनीला घरी ये.”

माया आहे तशीच दाट ठेव.

तुझी,
मंजुळा