तुम्हाला पिक्चर सांगताना

अण्णा,

परवा दुकानात एकानं तुमच्याबद्दल विचारलं आणि मला सांगता आलं नाही. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तुम्ही जाऊन आता एक तप होत आलं, आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. पण हे दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही म्हणून लिहितो आहे.

अकरावी सुटल्यावर मी वाटूर फाट्यावरच्या टायपिंगच्या दुकानात लागलो, ते अजून तिथंच आहे. लोकांचे अर्ज, शपथपत्रं, लग्नपत्रिका टाइप करून देतो. मालकांचा भाचा पुण्याला शिकतो, तो सुट्टीत आला होता. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तो म्हणाला, "भाऊ, मामा म्हणत होते तुम्हाला जुने पिक्चर लय माहीत आहेत. सगळ्यांनी एकदा तरी बघायलाच पाहिजेत, असे सांगा की." मी सांगायला लागलो. रेल्वे फाटकावरच्या माणसाचा पिक्चर सांगितला, ज्याची पोरगी शहरात जाते आणि परत येत नाही. एकच कोट आलटूनपालटून घालून नोकरी शोधणाऱ्या दोन साडूंचा सांगितला. तुमचे सगळे आवडते. त्यानं मोबाइल बाजूला ठेवला आणि खुर्ची माझ्याकडं वळवली. म्हणाला, "तुम्ही तर समोर दाखवून राह्यले. कुठं शिकले हे?" मी म्हणालो, माझ्या वडिलांना दिसत नव्हतं, त्यांना सांगायचो. त्यावर त्यानं साधंच विचारलं, "मंग ते कसे ऐकायचे?"

मी तोंड उघडलं. तुमचा बाह्या दुमडलेला शर्ट आठवला. तंबाखूचा वास आठवला, माझ्या गुडघ्याला टेकलेला तुमचा गुडघा आठवला. चेहरा आठवला नाही. भिंतीवरच्या फोटोत तुम्ही आहात, पण तो फोटो माझ्या जन्माच्या आधीचा. त्यातला दाट मिशांचा माणूस टेम्पो चालवतो, त्याला सगळं दिसतं. मला तो माणूस नको होता. पिक्चर ऐकताना तुम्ही कसे दिसायचे तेवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच माझ्याकडं नाही.

तुम्ही मोसंबी घेऊन जालन्याला जायचात आणि मोंढ्यात माल उतरेपर्यंत टॉकीजमध्ये जाऊन बसायचात, हे आई अजून सांगते. पुढं काचबिंदूनं तुमचे डोळे नेले आणि टेम्पो विकला गेला. रविवारी दुपारी टीव्हीवर जुना पिक्चर लागला की तुम्ही टीव्हीसमोर बसायचात आणि मला हाक मारायचात. मला सगळं बरोबर सांगायची भीती वाटायची. काही सुटायला नको. पहिल्या दिवशी मी सांगतो आहे, एक बाई आहे, पांढरी साडी आहे, मागं कपाट आहे, कपाटावर दोन फुलदाण्या आहेत, खिडकीला तीन गज आहेत. तुम्ही हात वर केलात.

"अरं लेका, तिच्या घराचा लिलाव करायचाय का आपल्याला? बाईचं तोंड सांग."

"तोंड साधंच आहे, अण्णा."

"साधं म्हंजे? रडून राह्यली, का रडू आवरून राह्यली?"

मी टीव्हीच्या जवळ सरकलो. खरंच, ती रडू आवरत होती. मला ते दिसलंच नव्हतं. फुलदाण्या दिसल्या होत्या.

तसं आपलं सुरू झालं. घर म्हणजे एकच खोली. टीव्हीच्या मागच्या कोपऱ्यात चूल, तिथं आई भाकऱ्या थापते आहे, आणि थापण्याच्या आवाजात हिरोचं बोलणं बुडतं आहे. तुम्ही ओरडता, "अगं, थांब जरा! तो मरून राह्यला तिकडं!" आई म्हणते, "मरू द्या. तो काही तुमच्यासंगं जेवायला यायचा न्हाई. मी थांबले तर उपाशी बघा मंग पिक्चर." साडूंच्या पिक्चरला मात्र ती पिठाचे हात घेऊन पुढं यायची आणि आपल्या मागं उभी राहायची. तुम्ही मला कोपरानं ढोसून हळूच विचारायचात, "तुही आई काय करून राह्यली?" मी मागं वळून बघायचो आणि सांगायचो, हसून राह्यली. "कशी?" तोंडावर पदर धरून, आवाज न करता. "डोळे मिटलेत का?" हो. "बराबर. तशीच हसती अजून." आणि मी पुन्हा टीव्हीकडं वळायचो. म्हणजे बघा, मी आईकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, शेजारच्या पोरांनी खिडकीतून डोकावलं तर त्यांच्याकडंही बघितलं. फक्त उजवीकडं कधी बघितलं नाही. तुम्हाला बघायची गरजच काय होती? तुम्ही तर रोज होतातच.

फाटकवाल्याचा पिक्चर आपण एकदाच पाहिला. त्यात शेवटाला बोलणं नाही, गाणं नाही, वाजंत्री नाही. गाडी निघून जाते, फाटक उघडतं आणि म्हातारा दांड्याला धरून तसाच उभा राहतो. मी म्हणालो, "अण्णा, आता नुसता चेहरा आहे. काहीच होत न्हाई."

"होत असतंय. नीट बघ. जल्दी करू नको."

"डोळ्यांत पाणी न्हाई."

"मंग काय आहे?"

पिक्चर संपला आणि मला सांगता आलं नाही तर, ही धास्ती. मग दिसलं. मी म्हणालो, "तो ऐकून राह्यलाय. मान जराशी वाकडी केलीय. कोणी हाक मारतंय का, ते ऐकून राह्यलाय."

तुमचा हात माझ्या मानेवर आला आणि तिथंच राहिला. पाट्या सुरू झाल्या. नावं वाचून दाखवायचं काम माझंच होतं, आणि हिंदीत वेलांट्या आपल्यापेक्षा वेगळ्या पडतात म्हणून मी पडद्यावरची नजर हलवली नाही. एकेक नाव नीट वाचलं. तेव्हा मान फिरवली असती तर तुम्ही दिसला असतात. त्या नावांतलं एकही आज आठवत नाही.

त्या दिवशी दुकानातून घरी गेलो तेव्हा आई उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. मी विचारलं, "आई, मी पिक्चर सांगायचो तवा अण्णा कसे दिसायचे?"

"तुला म्हाईत न्हाई? तू तर शेजारीच बसायचा."

"मी टीव्ही बघत होतो."

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "त्यांचं तोंड कुठं टीव्हीकडं असायचं? तुझ्याकडं तोंड करून बसायचे, सगळा पिक्चर. तू थांबला की ह्यांचे ओठ उघडे. तू हसला की हे आधीच हसलेले. मी म्हणायची पण, पोराला नजर लावता काय. तर म्हणायचे, माझी नजर आहे कुठं लावायला."

मी विचारलं, "आणि फाटकवाल्याच्या शेवटाला?"

आईचा हात थांबला. तिनं खूप आठवून पाहिलं, मला दिसत होतं. "त्या टायमाला माझी पाठ होती रे," ती म्हणाली. "तवा तापला होता."

म्हणजे तो चेहरा कुणीच पाहिला नाही. जगात तो एकदाच झाला, आपल्या खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि वाया गेला. अण्णा, आता तो सगळा पिक्चर मोबाइलवर मिळतो. पाहिजे तिथं थांबवता येतो, मागं नेता येतो. म्हाताऱ्याचा चेहरा मी थांबवून पाहिला. त्याच्या मानेवरची शीरसुद्धा दिसते. त्याचा चेहरा कितीही वेळा बघता येतो, तुमचा एकदाही नाही.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. आणि पोचलं असतं, तरी ते तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं. ते काम माझं होतं.

एक मात्र सांगून टाकतो. काल रविवार होता. मी आईला समोर बसवून साडूंचा पिक्चर लावला. तिचे केस पांढरे झालेत, आता हसताना ती पदर धरत नाही, दात गेलेत म्हणून हाताचा पंजाच धरते. हसायच्या आधी तिची हनुवटी हलते. डाव्या भुवईत एक केस लांब आहे. ती मध्येच म्हणाली, "माझ्याकडं काय बघून राह्यला? पिक्चर तिकडं चाललाय." मी हो म्हणालो आणि पडद्याकडं बघितल्यासारखं केलं. पुढं पिक्चरमध्ये काय काय झालं ते मला सांगता येणार नाही, अण्णा. मी बघितला नाही.