ओव्हर

ताई,

हे पत्र तुला पाठवायची माझी छाती होणार नाही. बाबांचा विषय काढायचा नाही, असं तू बजावून ठेवलं आहेस.

उन्हाळी शिबिरात मी लहान मुलांचे खेळ घेते. शेवटी रोज स्टॅच्यू असतो. मी 'स्टॅच्यू' म्हटलं की सगळी जागच्या जागी थांबतात, 'ओव्हर' म्हटलं की सुटतात. कुणाला हसू फुटतं, कुणाचं नाक खाजतं. एक मुलगी मात्र गालावर माशी बसली तरी हलत नाही. आम्ही तिला कौतुकानं चॅम्पियन म्हणतो.

आज खेळ संपला होता. ती चपला घालत होती. फाटकातून तिच्या वडिलांची हाक आली आणि ती एका पायात चप्पल घालून तशीच थिजली. मी काही म्हटलंच नव्हतं.

"अगं, ओव्हर," मी हळूच म्हणाले.

"बाई, तुमचं ओव्हर नाही चालत," ती ओठ न हलवता पुटपुटली.

वडील हसतमुख होते. "गुणी आहे हो फार. घरात आवाज म्हणून नसतो हिचा," म्हणाले आणि तिला तशीच उचलून घेऊन गेले. विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण मी तिची दुसरी चप्पल हातात धरून उभीच राहिले.

ती चप्पल समोर टेबलावर आहे. उद्या शिबिराच्या मोठ्या बाईंना सांगायलाच हवं, पण माझ्यानं बोलवेल का, ठाऊक नाही. ताई, बाबांना जाऊन किती वर्षं झाली. आपल्याला ओव्हर कुणी म्हटलंच नाही.

तुझी,
धाकटी