बाहेरची कुंडी

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार. देवास

सुटलो! म्हणजे चौदा दिवसांसाठी सुटलो. आठ सप्टेंबरला संध्याकाळी पाचच्या आत परत धारच्या जेलात. साहेबांनी गेटवर दोनदा ऐकवलं — "पाँच मतलब पाँच, रणवीर. पाँच-पाँच हुआ तो फरार लिखूँगा."

ही वही जेलातल्या मास्तरांनी दिली. म्हणाले, रोज लिख, मन हलका होता है. मी मराठीत लिहितोय. अक्षरं हिंदीचीच, कोणीही वाचेल — पण कळणार घंटा! शुद्धबिद्ध मात्र विचारू नको. मराठी शाळेत शिकलो नाही, घरात ऐकून ऐकून आलीये.

न्यायला बळवंतकाका आले होते. जमानतदार तेच. त्यांच्या घराचे कागद माझ्यासाठी अडकलेत. धार ते इंदूर, इंदूर ते देवास, सगळ्या रस्त्यात एकच वाक्य — "रण्या, आता थट्टा नको."

आई रडली नाही. धाकटी बहीण शिखा माझ्यापेक्षा उंच झालीये, हे चांगलं नाही. चार वर्षांत घरात काय बदललं बघत फिरलो. फ्रिज नवा. आणि दारांच्या बाहेरच्या कुंड्या, म्हणजे कड्या, गायब. सगळ्या. न्हाणीघर, आतली खोली, गच्चीचं दार. स्क्रूची भोकं तेवढी राहिलीत.

विचारलं नाही. कशाला विचारायचं?

२६ ऑगस्ट

पाचला जाग. उठून खाटेजवळ सरळ उभा राहिलो. जेलातल्या सकाळच्या गिनतीसाठी. शिखा पाणी प्यायला उठली होती, तिने बघितलं. मी पण काय कमी! ओरडलो — "एक! पुढची कैदी बोल!" ती बोलली — "दो!" आई आतून — "चूप बसा रे, काका उठतील." मी म्हटलं, तीन! हसलो तिघं. मग एकदम कोणीच हसेना.

अकराला थान्यात हाजिरी. रोज जायचंय. हवालदार उमाशंकर, मिशा मोठ्या, आवाज बारीक. सही करून त्यांच्या पेनाचं टोपण खिशात घालून आलो. चोरी नाही ही. परत येण्याचं कारण!

२७ ऑगस्ट

गणपती बसले. धीरज आला. लहानपणापासूनचा दोस्त. गळ्यात पडला — "भिया! जाडा झालास जेलात!" त्याच्यासाठी एका मोदकात हिरवी मिरची भरून ठेवली होती. त्याने खाल्ला, डोळ्यांतून पाणी, आणि म्हणाला — "बहुत मस्त."

जुना धीरज असता तर मागे धावला असता. सगळे माझ्याशी असं वागतात. जसं मी काचेचं भांडं आहे, किंवा सुरी.

२८ ऑगस्ट

पाय घरात ठरत नाहीत. गल्लीत जातो, वळणावरून परत येतो. वळणापलीकडे विनोदिनीकाकूंचं घर आहे. चिंटूची आई.

पूर्ण लिहूनच टाकतो, एकदाच.

चिंटू आणि मी सोनकच्छला एका गोदामात कामाला होतो. मी पोती उचलायचो, तो काट्यावर वजन लिहायचा. पोती मोजायचा मराठीत, जोरात, म्हणजे मध्ये कोणी आकडा घुसवून गडबड करणार नाही. सगळे हम्माल हसायचे त्याला. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांना फसवायचो. तो आत गेला की मी कुंडी लावायचो, मी गेलो की तो. त्या दिवशी गव्हाला सल्फासच्या गोळ्या ठेवल्या होत्या, किडीच्या, बंद जागेत विषारी वायू सोडणाऱ्या. चिंटू डायरी विसरला म्हणून आत गेला. मी कुंडी लावली.

उघडली तेव्हा उशीर झाला होता.

कोर्टात वकिलाने शिकवलं तसं बोललो. गोळ्यांचं माहिती नव्हतं. आतून आवाज आला नाही. तरी सात वर्षं लागली. चार झाली.

छुट्टीचा अर्ज केला की मेलेल्याच्या घरच्यांना विचारतात. दोनदा काकूंनी आपत्ती लिहिली, म्हणजे हरकत. तिसऱ्यांदा लिहिलं — आपत्ति नहीं. का? कोणालाच माहिती नाही. बळवंतकाका म्हणतात, "देवाने बुद्धी दिली तिला. तू तिकडे फिरकू नकोस. तोंड उघडलंस तर पुढच्या सगळ्या रजा गेल्या. लवकर सुटायची आशा पण गेली."

बरोबर आहे त्यांचं. पण पाय?

३० ऑगस्ट

शिखा न्हाणीघरात होती. मी बाहेरून चाललो होतो आणि हात आपोआप वर गेला. जिथे कुंडी असायची तिथे. भोकांवर बोट टेकलं.

वळलो तर आई मागे. हातात ताट. ताट ठेवलं आणि माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं, जसं लहान पोराला रस्ता ओलांडून नेतात.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या आल्या. शिखाने मुखवटे घेऊन दारातून आणल्या, आई विचारत गेली, शिखा उत्तरं देत गेली. कुंकवाची पावलं दारापासून आतपर्यंत. लहानपणी एकदा मी आणि चिंटूने उलटी पावलं काढली होती, घरातून बाहेर जाणारी. आईने दोघांना एकाच लाटण्याने मारलं.

१ सप्टेंबर

सोळा भाज्या. पुरण. दहा घरच्या बायका हळदीकुंकवाला आल्या. वळणापलीकडून कोणी नाही.

२ सप्टेंबर

आज त्या जाणार. आईने मुरडीचे कानवले केले. कडेला मुरड घालतात, म्हणजे गेलेली मुरडून परत येते. मग मुखवटा जागेवरून जरासा हलवला. झालं. बसलेल्या तशाच दिसतात, पण गेल्या.

मी म्हटलं, "आठ तारखेला मला पण कर एक."

बळवंतकाका जेवत होते. म्हणाले, "आणि हा मुरडणार कुठे? जेलातून घरी, की घरातून जेलात?"

आई चिडली. "भाऊजी, तोंडाला काही आहे का!" पण मला हसू आलं. सुटल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझी थट्टा केली. बरं वाटलं, खरंच.

३ सप्टेंबर

गेलो.

काकू ट्यूशन घेत होत्या. चार पोरं सतराचा पाढा ओरडत होती, हिंदीत. मला बघून काकू उठल्या नाहीत. पोरांना म्हणाल्या, "आज छुट्टी. जाओ." मग मला — "चप्पल बाहेर काढ. बस."

बसलो. पाणी दिलं त्यांनी. पेला हातात धरून राहिलो.

"दोनदा नाही म्हटलं मी. मग लक्षात आलं, हा आतच राहिला तर मला सांगणार कोण?"

"काय, काकू?"

"तू कोर्टात म्हणालास, आतून आवाज आला नाही. माझा चिंटू आणि गप्प? जेवताना सुद्धा गप्प बसला नाही कधी."

काकांचं वाक्य आठवलं. आशा गेली. तीन वर्षं. सगळं आठवलं. आणि तोंड उघडलंच.

"आवाज येत होता. गोळ्यांचं पण माहिती होतं, काकू. डबा मीच उचलून आणला होता सकाळी. मला वाटलं, दहा मिनिटांत काय होतंय."

"काय म्हणत होता?"

"मोजत होता. पोती मोजतो तसं. आधी म्हणाला — 'रण्या, पाचशे म्हणायच्या आत तूच उघडशील बघ!' आणि सुरू. एक, दोन, तीन…"

काकूंचे ओठ हलले. तिन्ही आकड्यांबरोबर. मग थांबले.

"कितीपर्यंत मोजलं त्याने?"

मी उठलो. पळालो, सरळ पळालो! घरी आलो तर एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात कुठल्या तरी पोराची, गुलाबी, तळहाताएवढी.

कितीपर्यंत ते मला माहिती आहे. तो थांबला तेव्हा मी दाराला कान लावूनच होतो. वाटलं नाटक करतोय. आम्ही करायचो असं — मेल्याचं नाटक, मग भॉक! म्हटलं, कर बेट्या, मी पण उघडणार नाही. आणि चहा प्यायला गेलो. अर्धा तास.

रोज सकाळी गिनती सुरू झाली की तो आकडा येतो की काय म्हणून शेवटपर्यंत ऐकत राहतो. आमच्या बैरकीत तेवढी माणसं नाहीत, नशीब. आकडा इथे लिहिणार नाही.

४ सप्टेंबर

थान्यात गेलो. उमाशंकरनी टेबलाखालून माझी चप्पल काढली. "तेरी है?"

"हो."

"मैडम सुबह दे गईं. और एक अर्जी भी. तेरे बारे में." अर्जी दाखवली नाही. ड्रॉवरमध्ये टाकली.

घरी येऊन सांगितलं. काकांनी हातातलं वर्तमानपत्र फेकलं. "सांगितलं होतं! सांगितलं होतं की नाही? आता लिहिलं असेल तिने — याने कोर्टात खोटं सांगितलं. पुढच्या वेळी माझं नाव घ्यायचं नाही. दुसरा जमानतदार शोध. सापडला तर!"

आई म्हणाली, "खरं बोलला तो."

"चार वर्षं उशिरा, वहिनी."

दोघंही बरोबर. हाच त्रास आहे.

५ सप्टेंबर

हाजिरीत उमाशंकर माझ्याकडे बघून डोकं हलवतात. काय समजायचं?

धीरज संध्याकाळी बाइक घेऊन आला. गल्लीच्या टोकाला नेऊन हळूच — "सुन भिया. नेमावरला माझी मावशी आहे. नर्मदेचा पूल ओलांडला की हंडिया, हरदा, तिथून रेल्वे. जाऊन कुठेही काम कर. तसंही आता तुला परत सोडणार नाहीत. तीन वर्षं सडशील."

"काकांचं घर?"

"काका गेले तेल लावत. त्यांनी तर सोडलंच तुला."

हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

६ सप्टेंबर. अनंत चौदस

मोहल्ल्याचे गणपती निघाले, ढोल वाजत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. बॅग भरली. दोन शर्ट, ही वही. धीरजची बाइक मागच्या गल्लीत चालूच होती.

बसलो. चापडापर्यंत गेलो. चहाला थांबलो. टपरीवर एक म्हातारा शेंगदाण्याच्या पुड्या रचत होता, मोजत, तोंडातल्या तोंडात. मी ऐकत बसलो. मध्येच थांबला. मी घाईने विचारलं, "कितने हुए, दादा?" तो म्हणाला, "भूल गया रे, तूने टोक दिया." आणि परत एकपासून.

तो आकडा जगात एकालाच माहिती आहे. मी हरद्याला गेलो की तो पण हरद्याला. काकू रोज सतराचा पाढा घेणार, पोरं ओरडणार, आणि त्यांच्या डोक्यात मोजणं तीनवर थांबलेलं.

धीरजला म्हटलं, वळव. त्याने मला खूप शिव्या दिल्या. मिरचीच्या मोदकाच्या पण दिल्या, त्या राहिल्या होत्या. रस्ताभर. जुना धीरज!

७ सप्टेंबर

ग्रहण म्हणून आईने लवकर जेवायला लावलं. कानवला केला. एकच. मुरड बघितली, दाट घातलीये.

८ सप्टेंबर. धार. जेलसमोरची टपरी. साडेचार

सकाळी शेवटची सही. टोपण परत केलं. उमाशंकर म्हणाले, "मुझे पहले दिन से पता था." मग ड्रॉवर उघडला. "दिखाना नहीं चाहिए. पर नीचे की लाइन मेरे पल्ले नहीं पड़ी. पढ़के बता."

वर हिंदीत, बाईंच्या गोल अक्षरात — अगली छुट्टी पर मुझे कोई आपत्ति नहीं. जमानतदार मैं रहूँगी. विनोदिनी, मृतक की माँ.

खाली मराठीत — "आत्ता नको. पुढच्या वेळी ये आणि आकडा सांग."

"क्या लिखा है?"

"घर की बात है, साहब."

कानवला इथेच खाल्ला, आत नेऊ देत नाहीत. काका बस स्टँडला उभे आहेत, मी आत जाईपर्यंत हलणार नाहीत म्हणे. पाचला वीस कमी.

आत गेल्यावर विसरलो असं म्हणायला जागा नको, म्हणून लिहून ठेवतो.

दोनशे बारा, काकू.