लाल काडी, हिरवी काडी

९ जानेवारी १९८९
आज पुन्हा लाल! असोद्याच्या हिलालभाऊंचा दुधाचा कॅन बुडाशी चिरला होता. अॅल्युमिनियम. त्याच्या वेल्डिंगला हिरव्या टोकाची टंगस्टनची काडी लागते. लाल असते स्टीलसाठी. काड्यांची डबी सासऱ्यांच्या, नानांच्या खिशात, काडी ते काढून देतील तीच घ्यायची. लाल दिली. मी म्हटलं, "नाना, हिरवी पाहिजे." सगळ्यांसमोर ओरडले — "तुले काय समजस?"
जाळ धरला तर टोक तडकलं, कण धातूत उडाले. शिवण काळी, खरखरीत. शिव्या मीच खाल्ल्या.
सासरे घरात 'जावईबुवा' म्हणतात. दुकानात 'तू'. लग्नातच ठरलं होतं — राहायचं इथंच, पिंप्राळ्यात, त्यांच्याच घरात, त्यांच्याच दुकानात.

११ जानेवारी
धुळ्याहून सत्तारचा निरोप. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे शिकलो. त्यानं हायवेला स्वतःचं आर्गन वायूचं वेल्डिंग मशीन टाकलंय. "भटू, ये. अर्धी भागी तुझी." प्रमिलेला सांगितलं नाही. सांगून काय होणार? बापाला सोडून ती येणार थोडीच!

१२ जानेवारी
लाल.

१६ जानेवारी
नाना लग्नाला भुसावळला गेले. डबी चुकून घरी टांगलेल्या कोटात राहिली. प्रमिलेनं मुकाट्यानं हातावर ठेवली.
हिरवी घेतली. रंगाचं टोक तसंच ठेवलं — ते घासलं की काडी ओळखू येत नाही. दुसरं टोक साफ केलं, वाया गेलेल्या पत्र्यावर जाळ धरला. टोक वितळून गोल झालं, चकचकीत, मोहरीच्या दाण्याएवढं. मग हिलालभाऊंच्या त्या कॅनची काळी शिवण घासून काढली, वायरब्रशनं पांढरी केली, आणि बसलो. धातू कसा पाण्यासारखा पसरत गेला! एकावर एक नाणी सरकवून ठेवावीत तशी शिवण.
किती दिवसांनी हात माझा वाटला. संध्याकाळी शटर ओढलं आणि पुन्हा तेच — याच घरात जेवायचं, याच घरात झोपायचं.

१७ जानेवारी
नाना आले. शिवणीवरून बोट फिरवलं. एकदा. परत एकदा.
"कोनती काडी?"
"हिरवी."
मला वाटलं आता तोंड सुटणार. ते उठले, डबीतून दोन काड्या काढल्या, दारात उजेडात जाऊन उभे राहिले. एकेक काडी डोळ्यांजवळ नेली. मग हळू आवाजात —
"यामधली हिरवी कोनती शे, जावईबुवा?"
परीक्षा घेत नव्हते. खरंच विचारत होते!
जुनं दुखणं म्हणे. जाळाकडे बघून बघून डोळे गेले. आधी रंग गेले, आता वस्तूंच्या कडाही पुसट होत चालल्या. इतके दिवस अंदाजानं काडी देत होते. मी हिरवी मागितली की ओरडत होते ते यासाठीच.
"कोनले सांगू नको. पोरीले बी नको."
हो म्हणालो.

१८ जानेवारी
डबी माझ्याकडे दिली. हेच तर हवं होतं ना मला? खिशात दिवसभर दगडासारखी. रागावलेल्या माणसाला सोडून जाता येतं. आंधळ्या होत चाललेल्याला कसं सोडायचं?

२१ जानेवारी
सत्तारचा दुसरा निरोप. "येतोस की दुसरा बघू?" उत्तर दिलं नाही.

२३ जानेवारी
"दुसरा बघ" असं कळवून टाकलं. दिवसभर स्टीलचं काम केलं. प्रमिला दोनदा विचारून गेली, "काय झालं?" — "काही नाही."

२४ जानेवारी
राहवलं नाही. प्रमिलेला सांगून टाकलं — नानांना दिसत नाही, दुकान आता माझ्याच डोळ्यांवर, म्हणून सत्तारची धुळ्याची भागी सोडली. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.
"माहीत आहे. लग्नाआधीपासून. म्हणून तर चांगली चांगली स्थळं सोडून नानांनी वेल्डर पाहिला."
तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.
"तेव्हा मला तरी कुणी विचारलं होतं?"