वगळलेला मजकूर

मंगळवार, सकाळ

प्रिय कोलेट,

पाकिटावर आत्याचं अक्षर बघून तू आधी म्हणशील, आता कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. जायचा होता तो मार्चमध्येच गेला. मे महिन्यात जमिनीतलं बर्फ सुटल्यावर त्याला पुरलं, तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते. तुझा हात माझ्या हातात होता आणि ओठांवर आलेलं मी गिळून टाकलं. तुझ्या बाबाचा एक निरोप माझ्याकडे आहे. तो वर्षभर मी दाबून ठेवला. वाचल्यावर तू माझं तोंडही पाहणार नाहीस कदाचित. तरी आज लिहितेय, कारण आता नाही लिहिलं तर ते कायमचं राहील.

मी विमा-दर मंडळात नोकरीला आहे हे तुला ठाऊक आहे, पण तिथे नेमकं काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. त्यात तुझी चूक नाही, सांगायला लागले की ऐकणाऱ्याला जांभई येते. आरोग्य विमा कंपन्या दर मे महिन्यात मंडळाकडे येतात आणि पुढच्या वर्षी हप्ता इतके टक्के वाढवू द्या म्हणून मागणी करतात. मंडळ त्यांची आकडेमोड तपासतं, जुलैत जाहीर सुनावणी घेतं, ऑगस्टमध्ये निकाल देतं. मधल्या दिवसांत राज्यातल्या कोणालाही आपलं म्हणणं मांडता येतं. पत्र पाठवा, संगणकावर लिहा, सुनावणीला येऊन तीन मिनिटं बोला, नाहीतर फोन करून यंत्रावर बोलून ठेवा. यंत्रावरचं ऐकून टाइप करणारी ती मी. नाव, गाव आणि मजकूर, एवढं मंडळाच्या संकेतस्थळावर जातं, आणि सदस्य ते खरोखर वाचतात. टक्के त्यांच्यापुढे ढिगांनी असतात, माणसं या कागदांतूनच येतात. एक म्हातारे गृहस्थ दरवर्षी रस्त्यावरच्या खड्ड्यांपासून सुरुवात करतात. एका बाईंच्या मागे त्यांचा पोपट शिव्या देत असतो. खड्डे आणि पोपट मी गाळते आणि तिथे कंसात लिहिते, दराशी संबंध नसलेला मजकूर वगळला. नियमच आहे तसा. आणखी एक नियम असा की फोन करणाऱ्याशी आमच्यापैकी कोणी स्वतःहून संपर्क साधायचा नाही. हे दोन्ही नियम लक्षात ठेव.

आता शाळेचं. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस. मार्चमधली गावसभा, ओल्या बुटांचा वास, मागच्या टेबलावर बीन्स आणि ॲपल-पाय. गावातली शाळा चालू ठेवावी असा ठराव तुझ्या बाबाने, आर्मांडने मांडला होता. अकरा मुलं उरली होती, कोलेट, आणि त्यातली तीन एकाच घरातली. मी उभी राहिले आणि विरोधात बोलले. बेल्डन कॉर्नरमध्ये भाऊ-बहीण वेगळी मतं देतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण भर सभेत विरुद्ध बोलायचं असेल तर सकाळी कॉफी घेताना तोंडावर सांगून टाकायचं, ही आपल्याकडची रीत. मी नाही सांगितलं. सांगायचं म्हणून त्याच्याकडे गेले होते, पण तो घोडीच्या खुराला कानस लावत इतका खुशीत शीळ घालत होता की मला धीरच झाला नाही. ठराव चार मतांनी पडला. सभेत एकमेकांशी बोलता येत नाही, जे काही असेल ते अध्यक्षांना उद्देशून. तो उठला आणि म्हणाला, "अध्यक्षमहाराज, मघाशी बोलल्या त्या बाईंना विचारा, त्या कोणाच्या कोण? मी ओळखत नाही त्यांना. यापुढे मी त्यांच्याशी एक शब्द बोलणार नाही, आणि हे इतिवृत्तात घ्या." लोक हसले. चिटणीसबाईंनी खरंच लिहून घेतलं. अजून आहे त्या वहीत.

त्या नोव्हेंबरात टर्कीच्या जेवणाला तूच आम्हा दोघांची अध्यक्ष झाली होतीस, आठवतं? तो तुझ्याकडे बघून म्हणायचा, "अध्यक्षबाई, समोरच्या सदस्यांना म्हणावं बटाटे इकडे सरकवा." मी म्हणायची, "अध्यक्षबाई, सदस्यांना म्हणावं हात लांब करा, मोडत नाही." आणि तू चमचा टेबलावर आपटून ठराव मंजूर करायचीस. किती हसलो आपण. दुसऱ्या वर्षी तेच झालं, तेव्हा हसायला कोणी तयार नव्हतं. तिसऱ्या वर्षी मी आलेच नाही. मग ही नोकरी मिळाली, मी राजधानीत राहायला आले. नऊ वर्षं झाली त्याला. आर्मांड शब्दाचा पक्का होता, आणि मी काही कमी नव्हते.

मागच्या वर्षी जुलैत, सुनावणीला आठवडा उरला असताना, मी कानाला हेडफोन लावून दोनशे चौदावा निरोप ऐकायला घेतला. आधी जाळीच्या दाराची करकर. मग खाकरणं. त्याने नाव सांगायच्या आधीच माझे हात टाइप करायचे थांबले. ते दार आमच्या आईच्या वेळेपासून करकरतंय.

"अध्यक्षबाई आणि मंडळी, नमस्कार," तो म्हणाला. "मी आर्मांड, बेल्डन कॉर्नरचा नालबंद. एकोणचाळीस वर्षं घोड्यांचे पाय मांडीवर घेतलेत. पोरीने कुत्र्यांचे केस कापायचं दुकान काढलंय, म्हणजे ती कुत्र्यांचे पाय धरते. आमचं घराणंच पाय धरणारं. पण विमा कंपनीचे पाय धरायला मी काही येत नाही. अठरा टक्के मागतायत ना ते? दर वर्षी हप्ता वाढतो आणि मी एकेक सोडतो. आधी हाताखालचा गडी सोडला, मग दुसरी गाडी. यंदा दात सोडले, मऊ खातो. आता सोडायला विमाच राहिलाय. तेव्हा काय ते बघा." एवढं मी शब्दन् शब्द टाइप केलं. तू ते संकेतस्थळावर वाचलंस. निकालपत्रातही 'एका नालबंदाने म्हटल्याप्रमाणे' म्हणून त्याचे दात आलेत. मंडळाने अठराचे तेरा केले. त्याच्या बोलण्यानेच केले असं नाही, पण त्याचंही बोलणं त्यात होतं, हे मी खात्रीने सांगते. मला अभिमान वाटला होता. तेरा टक्केही त्याला झेपायचे नाहीत हा विचार माझ्या मनात आला नाही.

पण तो तिथे थांबला नव्हता. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "आणखी एक. अध्यक्षबाई, तुमच्यामार्फत. तुमच्याकडे हे टाइप करायला माझी बहीण बसते असं कळलंय. तिच्याशी मी बोलत नाही, लेखी आहे ते. म्हणून तुम्हाला सांगतो. तिला म्हणावं, शाळेचं तिचं बरोबर होतं. शेवटी सहाच मुलं राहिली असती. आणि म्हणावं, वसंतापासून छातीत धरल्यासारखं होतं, जिना चढलं की. पोरीला कळवू नको, ती दुकान टाकून धावत येईल. डिसेंबरपर्यंत विमा आहे, तोवर एकदा गाडी घेऊन ये आणि मला डॉक्टरकडे ने. एकटा मी जायचो नाही. ते फॉर्म देतात हातात, मला सुधरत नाही. सगळे फॉर्म तीच भरायची, रोझी. एवढंच. आभारी आहे." मग दाराची करकर, आणि तीन मिनिटं संपली.

मी काय केलं ते ऐक. मी कंस उघडला, लिहिलं, दराशी संबंध नसलेला मजकूर वगळला. कंस बंद केला आणि दोनशे पंधरावा निरोप लावला.

नियम होता, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं. नियमाची ढाल मला फार सोयीची पडली. खरं सांगायचं तर मला राग आला होता. वाटलं, माझा नंबर त्याला पाठ आहे. इतक्या वर्षांनी माफी मागतोय तीही अध्यक्षांमार्फत? येऊ दे की सरळ फोन. माझ्या नावाने हाक मारू दे एकदा, मग गाडी काढते. सप्टेंबर गेला, पानं गळली, मी वाट बघत राहिले. तोही तिकडे वाट बघत असणार. त्याच्या हिशेबी त्याने विचारून झालं होतं, आणि आपल्याकडे अध्यक्षांना विचारलं की उत्तर येतंच. आपलीच बहीण त्या खुर्चीच्या आड लपेल असं त्याला वाटलंच नसणार. जानेवारीत त्याने विमा सोडला. मार्चमध्ये मेपलचा रस उकळताना तो कढईपाशी खाली बसला तो उठलाच नाही. तू मला फोनवर रडत म्हणालीस, "आत्या, त्याने कोणाला काही सांगितलंच नाही गं." आणि मी म्हणाले, "नाही ना." कोलेट, ते खोटं होतं.

तेव्हापासून तो मला ऐकू येतो. कढत्या किटलीत नाही, वाऱ्यात नाही, असलं काही नाही. फक्त कामावर. कोणताही निरोप असो, माणूस बोलायचा थांबला आणि मागे दार वाजलं की मी टाइप करत नाही, थांबून राहते. परवा एक बाई तिच्या गुडघ्याबद्दल बोलत होती, मध्येच थांबली, आणि मी मोठ्याने म्हणाले, "बोल, आहे मी." शेजारच्या टेबलावरची मुलगी बघायला लागली. त्याचा निरोप मी वर्षभरात किती वेळा ऐकला असेल ते विचारू नकोस. श्वास कुठे घेतो तेही पाठ झालंय. तो कधीच चिडलेला वाटत नाही. चिडलेला वाटला असता तर बरं झालं असतं.

आता हे आजच का, ते सांगते. काल दुपारी एकशे सत्याऐंशीवा निरोप लावला आणि तुझा आवाज आला. यंदा परत वाढ मागितलीय, तू जानेवारीपासून विमा सोडणार, धडधाकट आहेस म्हणतेस. आणि शेवटी म्हणालीस, "माझ्या बाबांचं मागच्या वर्षीचं बोलणं तुमच्याकडे आहे. खाली लिहिलंय काहीतरी वगळलं म्हणून. काय होतं ते? कोणी ऐकलं असेल तर सांगा." तुझं मी सगळं टाइप केलंय, एक शब्द गाळला नाही. आता मी नियम मोडून तुला लिहितेय, आणि आज दुपारी साहेबांना तसं सांगणार आहे. त्यांना जे करायचं ते करू देत. आवाजाच्या फिती वर्षभरच ठेवतात, त्याची शुक्रवारी पुसली जाईल. मी मागू शकत नाही, तू मागू शकतेस. मंडळाच्या कार्यालयात खालच्या खिडकीवर अर्ज कर, मागच्या वर्षीचा निरोप क्रमांक दोनशे चौदा, कारण द्यावं लागत नाही. हे पत्र उद्या तुझ्या हातात पडेल, परवा गुरुवारी सकाळी सुनावणी आहे, तेव्हाच ये. तुलाही तीन मिनिटं मिळतील. त्यांना सांग तुझ्या बाबाने दातांनंतर काय सोडलं. विमा मात्र सोडू नकोस. हप्त्यात सवलत मिळते का त्याचे फॉर्म असतात, ते मी भरीन. माझं तोंड बघायचं नसेल तर खिडकीतून आत सरकव, मी भरून ठेवीन. आणि त्याच्या दगडापाशी जाशील तेव्हा माझं एक काम कर. तो माझ्याशी बोलत नाही, लेखी आहे ते, म्हणून अध्यक्षबाई, तुमच्यामार्फत. त्याला सांगा, निरोप पोचला होता. पहिल्याच दिवशी पोचला होता.

तुझीच,
रोझी आत्या