आत्याचं भाषण कुठल्या पानावर?

तीर्थरूप आत्या हिच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे तो कागदावरच घालतो.) तुझी तब्येत कशी आहे? काका अजून ‘जरा डोळे मिटतो’ म्हणून तीन तास घोरतात का? सगळं सविस्तर लिही. हल्ली मला सविस्तर वाचायची सवय झाली आहे.

मला कायदेमंडळात नोकरी लागल्याचं बाबांनी तुला सांगितलं असेलच. (सांगताना मला थेट अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं असेल.) प्रत्यक्षात मी तळघरात बसतो आणि कार्यवृत्ताच्या जुन्या खंडांची सूची करतो. सभागृहात जो जे बोलला ते या खंडांत शब्दन् शब्द छापलेलं आहे; सगळे हसले तर कंसात ‘हशा’, भांडले तर कंसात ‘गोंधळ’. (कंसांची खोड मला तिथूनच लागली.) तू आमदार होतीस त्या पाच वर्षांचे त्रेचाळीस खंड समोर आले, तेव्हा मी बाकीचं काम बाजूला सारून आधी तुला शोधायला बसलो. ‘आत्याच्या भाषणानं सभागृह हादरलं होतं’ हे बाबांच्या तोंडून ऐकतच मी मोठा झालो. त्रेचाळीस खंड पालथे घातले, तर तुझं नाव एकदाच सापडलं: शपथ घेतली. बस. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. शुक्रवारी सूची छापायला जाणार होती, आणि सूचीत जो नाही त्याला पुढे कुणी शोधत नाही.

मग लक्षात आलं, की बसल्या जागेवरून कुणी ओरडलं आणि लघुलेखकाला चेहरा दिसला नाही, तर तो ‘एक माननीय सदस्य’ असं लिहितो. म्हटलं, सापडली आत्या. ‘एक माननीय सदस्य: आधी उत्तर द्या, मग पाणी प्या.’ हे दुसरं कोण म्हणणार? ‘एक माननीय सदस्य: तुम्हाला तरी कळलं का तुम्ही काय बोललात?’ हे तर तू काकांना रोज म्हणतेस. स्वभाव ताडून ताडून मी अशी एकसष्ट वाक्यं तुझ्या नावावर चढवली आणि सूची साहेबांपुढे ठेवली. साहेब थंड डोक्याचे. त्यांनी शांतपणे हजेरीपट मागवला. पाणी पिण्याचं वाक्य ज्या दिवशीचं आहे, त्या दिवशी तू प्रसूतिगृहात होतीस. एकसष्टच्या एकसष्ट नोंदींवर लाल रेघ ओढली गेली, आणि आपल्या घराण्याचा स्वभाव हा पुरावा नव्हे, असं मला लेखी कळवण्यात आलं.

आता मात्र मी इरेला पेटलो. पुन्हा पहिल्या खंडापासून सुरुवात केली, पण या वेळी तुझं बोलणं न शोधता इतरांचं वाचत गेलो. एकोणिसाव्या खंडात अध्यक्ष म्हणतात, बाईंनी खाली बसावं. पुढच्या पानावर परत, बाईंनी खाली बसावं, बाईंना परवानगी दिलेली नाही, त्यांचं बोलणं नोंदवू नये. त्या सभागृहात बाई तू एकटीच. चार पानं हे चाललंय. समासात वेळ छापलेली असते, ती मी मोजली. सतरा मिनिटं तू बोलत होतीस, आत्या, आणि त्यातला एक शब्द छापलेला नाही. मी ती चार पानं कितीदा वाचली असतील, सांगता येत नाही.

काकांना नमस्कार, दादाला आशीर्वाद. (तो मोठा आहे हे ठाऊक आहे, पण हजेरीपटाचं प्रकरण त्याच्यामुळेच झालं.)

तुझा,
तळघरातला भाचा

ता. क.: त्या सतरा मिनिटांत तू काय बोललीस ते लिहून पाठव. साहेब म्हणतात, आता ते खंडात घालता येणार नाही. खंडासाठी नकोच आहे, मला हवं आहे.

आणखी एक: सूची काल छापायला गेली. तुझ्या नावापुढे दोन नोंदी आहेत. ‘शपथ घेतली’ आणि ‘खाली बसण्यास सांगितले (सहा वेळा)’. दुसरीला पुरावा असल्यामुळे साहेबांना सही करावीच लागली. तू बसलीस की नाही, हे मात्र पुस्तकात कुठेच नाही. तेवढं आधी कळव.